पाच किलोंचं शिवणयंत्र

२००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात एक अफवा उठली आणि घराघरांत धूळ खात पडलेल्या सिंगर शिवणयंत्रांना एकाएकी सोन्याचा भाव आला. जुन्या सिंगरच्या सुईत म्हणे ‘लाल पारा’ असतो. तो गुप्तधन दाखवतो, जिन्नांना बोलावतो आणि अणुबॉम्बलाही लागतो! पारख करायची रीतही तोंडोतोंडी पसरली: मोबाइल सुईजवळ न्यायचा, फोन कट झाला की आत पारा आहे असं समजायचं. एरवी कुणी ढुंकून न पाहिलेल्या मशिनसाठी दोन लाख रियालपर्यंत मागणी होऊ लागली. शिंप्यांच्या दुकानांत चोऱ्या झाल्या आणि शेवटी पोलिसांना चौकशी लावावी लागली.

पारा अर्थातच कुणाला सापडला नाही. मात्र त्याच सुईच्या बरोबर खाली, लोखंडी पट्टीला एक बारीक गोल भोक असतं. त्या भोकापायी अमेरिकेतल्या हजारो बायका, आणि अलीकडे बरेच पुरुषही, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची मशिनं गॅरेज सेलमध्ये, जुन्या बाजारांत आणि मरण पावलेल्या आजीच्या माळ्यावर शोधत फिरतात. ही मंडळी क्विल्ट शिवतात. त्यांच्या लेखी सगळ्यात लाडकं मशीन म्हणजे सिंगर २२१, ऊर्फ ‘फेदरवेट’.

सिंगर कंपनीने हे मशीन १९३३ मध्ये आणलं. त्या वर्षी शिकागोत ‘शतकाची प्रगती’ नावाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि अमेरिका महामंदीत पिचत होती. घरं लहान, भाड्याच्या खोल्या त्याहून लहान. पायमशिनला लागते तेवढी जागा कुणाकडे होती? फेदरवेटचं वजन अकरा पौंड, म्हणजे जेमतेम पाच किलो. त्या काळची ओतीव लोखंडाची मशिनं बारा-पंधरा किलोंची असत. इथे सांगाडा ॲल्युमिनियमचा. डाव्या बाजूची फळी बिजागरीवर वर दुमडायची, मशीन काळ्या पेटीत ठेवायचं, पेटीची कडी लावायची की निघालं. कल्पना अगदीच नवी नव्हती. स्टँडर्ड कंपनीचं ‘सूहँडी’ नावाचं असंच छोटं मशीन आधी बाजारात आलेलं होतं आणि दोन्ही शेजारी ठेवली तर नातं लपत नाही. पण सिंगरकडे दुकानांचं जाळं होतं, हप्त्यांची सोय होती. फेदरवेट पुढे पस्तीसएक वर्षं बनत राहिलं.

आता ते भोक. आजच्या घरगुती मशिनवर नागमोडी टाका, काजं, वेलबुट्टी असं सगळं येतं. त्यासाठी सुई डावी-उजवीकडे सरकावी लागते, म्हणून पट्टीचं भोक आडवं, लांबट असतं. सुई कापडात शिरताना त्या रुंद भोकात कापड थोडं खाली दाबलं जातं. कडेला, कोपऱ्याला तर ते चक्क आत ओढलं जातं. फेदरवेटला सरळ टीप सोडून दुसरं काही येतच नाही. त्यामुळे त्याचं भोक सुईपुरतंच आहे. कापडाला अगदी सुईच्या कडेपर्यंत आधार मिळतो आणि टाका जिथे पडायला हवा तिथेच पडतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं, हे क्विल्ट शिवणाऱ्याला विचारावं. अमेरिकन क्विल्टचे तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर, खाली अस्तर. वरची नक्षी शेकडो, कधी हजारो तुकड्यांची. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये पाव इंच शिवणमार्जिन ठेवायचं, हा त्या जगातला सर्वमान्य नियम. समजा, टीप एक षोडशांश इंच आत गेली. दोन्ही बाजूंचं मिळून एका जोडाला एक अष्टमांश इंच कापड खाल्लं गेलं. एका ओळीत असे आठ जोड असले की पुरता एक इंच गायब! शेजारची ओळ मात्र बरोबर शिवलेली. मग ताऱ्यांची टोकं जुळत नाहीत, चौकोनांचे कोपरे एकमेकांना चुकवून जातात आणि पंधरा दिवसांचं काम उसवायला बसावं लागतं. सरळ आणि सारखी टीप हे या कामात भांडवल आहे. बाकी शंभर प्रकारचे टाके मशिनला येत असले काय, नसले काय.

फेदरवेटच्या प्रेमामागे आजीच्या आठवणी, काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी, चकचकीत चाक हे सगळं आहेच. पण निव्वळ आठवणींवर कुणी आठवड्याचे वीस तास शिवत नाही. एकच काम करणारं यंत्र ते एक काम चोख करतं, म्हणून ही मशिनं भंगारातून परत आली. चालू स्थितीतल्या साध्या काळ्या फेदरवेटला अमेरिकेत आजही काहीशे डॉलर सहज पडतात.

परत येण्याची वेळही जुळून आली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जुन्या अमेरिकन क्विल्ट्स चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. पलंगावरची वस्तू एकदम कलादालनात गेली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली आणि आजी-पणजीच्या हस्तकलेचा उमाळा देशभर आला. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीचं गोल पात्याचं कटर आलं. कात्रीने एकेक तुकडा कापण्याऐवजी पट्टीला टेकवून सहा थर एका दमात कापता येऊ लागले. कापणं वेगात होऊ लागलं तशी शिवणाऱ्यांना वर्गात, मैत्रिणीकडे, शिबिरात उचलून नेता येईल अशा सरळ टाक्याच्या मशिनची गरज भासू लागली आणि माळ्यावरच्या काळ्या पेट्या खाली उतरल्या. १९९२ मध्ये नॅन्सी जॉन्सन-स्रेब्रो यांचं निव्वळ फेदरवेटला वाहिलेलं पुस्तक आलं.

तुकडे मशिनवर जोडणं सगळ्यांनी मान्य केलं होतं. तिन्ही थर एकत्र शिवणं, म्हणजे खरं क्विल्टिंग, हातानेच व्हावं असा मात्र जुन्या लोकांचा आग्रह असे. गंमत अशी, की १८६०-७० च्या सुमारास घरात नवं मशीन आलेल्या बायका क्विल्टवर मशिनची टीप मुद्दाम दिसेल अशी मारत. महागाची वस्तू होती ना! पुढे शंभर वर्षांत प्रतिष्ठेचं पारडं उलटं फिरलं आणि हाताचा टाका श्रेष्ठ ठरला. केंटकी राज्यातल्या पडूका या गावात क्विल्टचं मोठं वार्षिक प्रदर्शन भरतं. तिथे १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशिनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. बरंच वादळ उठलं. आज त्या वादाची आठवणही तरुण शिवणाऱ्यांना नसेल.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातल्या आमिश लोकांपर्यंत असले वाद पोचलेच नाहीत. धर्माच्या शिस्तीप्रमाणे ते सार्वजनिक वीज घरात घेत नाहीत. त्यांच्या बायका तुकडे जोडतात ते पायमशिनवर आणि क्विल्टिंग करतात हाताने, चौकटीभोवती बसून. जुनं मशीन तिथे कुणी जमवत नाही. ते वापरातून कधी गेलेलंच नाही.

पेटी उघडल्यावर

जुनी पेटी उघडली की आधी येतो वास. कुबट, ओलसर, सरसासारखा. पेटीची लाकडं प्राणिज सरसाने चिकटवलेली असत आणि वर्षानुवर्षं बंद राहिल्याने तो वास पेटीत मुरतो. फेदरवेटवाले या वासावर विनोद करतात आणि पेटी आठवडाभर उन्हात ठेवतात.

मग चाक फिरवून बघायचं, नेहमी आपल्याकडे. ते जागचं हललं नाही तरी घाबरण्याचं कारण नसतं. बहुतेक वेळा गंज नसतो, वाळलेलं तेल असतं. कुणीतरी कधीतरी स्वयंपाकघरातलं तेल घातलेलं असतं (आपल्याकडे खोबरेल), ते सुकून व्हार्निशसारखं घट्ट बसतं. सांध्यांवर केरोसीनचे थेंब सोडायचे, केस वाळवायच्या ड्रायरने धग द्यायची आणि वाट बघायची. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. या कामात जोर करणाऱ्याचे हात हमखास काहीतरी मोडतात. चाक सुटलं की जुनं मळकट तेल पुसून मशिनचं पातळ तेल घालायचं. फेदरवेटच्या बुडाशी एक पातळ ताट असतं. मधला स्क्रू काढला की ते सुटतं. त्यातला फेल्टचा तुकडा कित्येक वर्षांचं तेल पिऊन काळा झालेला असतो आणि तो बदललाच पाहिजे.

मोटरला मात्र तेल घालायचं नाही. तिथे ग्रीस लागतं, नळ्यांमधून वातींपर्यंत जाणारं. हौशी माणसाच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. तेल मोटरच्या आत जातं, कार्बन ब्रश माखतात आणि धूर निघतो. वायरींवरचं रबरही तपासावं लागतं. ते हाताला लागताच भुगा होऊन पडत असेल तर मशीन प्लगमध्ये घालण्यापूर्वी वायर बदलायची. जुन्या मशिनची हौस खुशाल करावी, जुन्या विजेची करू नये.

‘मशीन अडकतं’ ही तक्रार घेऊन आलेल्या फेदरवेटमध्ये दोष बहुधा बॉबिनच्या खाली सापडतो. शिवणयंत्राचा टाका कसा पडतो हे एकदा लक्षात आलं की कारण कळतं. मशिनच्या सुईचं नेढं टोकाला असतं. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास सुटतो. फिरत्या आकड्याचं टोक नेमक्या त्याच क्षणी फास पकडतं, बॉबिनच्या डबीभोवतून पूर्ण फिरवून आणतं आणि सोडतं. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो, वर ओढला जातो, टाका कापडाच्या मध्यावर बसतो. हे मिनिटाला शेकडो वेळा चालतं. तुटलेल्या दोऱ्याचा केसाएवढा तुकडा आकड्याच्या खाचेत गेला की सगळं जागच्या जागी थांबतं. चिमट्याने तो तुकडा काढायचा, दात्यांमध्ये फेल्टसारखी बसलेली कापडाची धूळ सुईने उकरायची. डबीला एक बोट असतं. ते वरच्या पट्टीच्या खालच्या खाचेत बसलेलं हवं. पट्टी परत लावताना तेवढं बघायचं राहिलं, तर दोरा दर इंचाला तुटतो आणि माणूस टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो.

चाकाच्या मध्यावरच्या मोठ्या गोल स्क्रूची तऱ्हा आणखी न्यारी. तो सैल केला की चाक फिरतं पण सुई थांबते. बॉबिन भरताना याची गरज पडते. स्क्रूच्या आत तीन कान असलेली एक चकती असते. सफाईसाठी ती काढली आणि परत लावताना अर्ध्या फेऱ्याने उलटी बसली, तर स्क्रू कितीही आवळा, मोटर घरघरते आणि सुई जागची हलत नाही. चकती पुन्हा काढायची, फिरवून लावायची, झालं. पैसे देऊन दुरुस्त करून आणलेली कित्येक मशिनं एवढ्या एका चकतीपायी ‘बिघडलेली’ असतात.

रंगाची गोष्ट वेगळी. जुन्या सिंगरचा काळा रंग डांबरी जातीच्या द्रव्यापासून केलेला, त्यावर सोनेरी छाप आणि सगळ्यावर लाखेचं पारदर्शक पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एखाद्या उत्साही माणसाने ‘स्वच्छ’ करायला स्पिरिटचा बोळा फिरवला की वरचा थर निघतो आणि पाठोपाठ सोनेरी छापाचा रंगही. खालून रुपेरी ठसा उघडा पडतो. जाणकारांना मशीन हातात घेताच कळतं, की याच्यावर कुणाची तरी माया भलत्या मार्गाने उतू गेलेली आहे. मशिनचंच तेल आणि मऊ कापड, जास्तीत जास्त लाखेचा पातळ हात, एवढ्यावर थांबायचं. दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत जे मशीन पूर्ण सोलून गुलाबी, निळा, मोटारीचा लाल रंग देतात. संग्राहक कपाळाला हात लावतात. शिवणाऱ्यांचं म्हणणं असं, की भोक आहे तिथेच आहे ना?

बिल्ला आणि ओरखडा

संग्राहक आणि शिवणारे यांच्या वाटा इथेच फुटतात. संग्राहकाला बिल्ला हवा असतो. शिकागो प्रदर्शनाचा बिल्ला, १९३६ च्या टेक्सास शताब्दीचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या १९३९-४० च्या प्रदर्शनाचा. अशा फेदरवेटला साध्यापेक्षा कितीतरी पट किंमत येते. यंत्र तेच, टाका तोच. १९५१ मध्ये सिंगर कंपनीची शंभर वर्षं झाली म्हणून त्या सुमारास निघालेल्या मशिनवर निळ्या काठाचा बिल्ला आहे. तो मात्र इतका सर्रास सापडतो, की बाजारात ‘दुर्मीळ’ म्हणून विकला गेला तर समजावं, समोरचा नवखा आहे. १९४१ च्या सुमाराची काही मशिनं वेगळी ओळखू येतात. युद्धामुळे क्रोमियमची टंचाई होती, म्हणून एरवी चकाकणारे भाग त्यांवर काळे रंगवलेले आहेत. युद्धाच्या काळात सिंगरने सैन्यासाठी बरंच काही बनवलं. त्याआधी १९४० मध्ये नमुन्यादाखल पाचशे पिस्तुलांचं कामही मिळालं होतं. आज त्यातलं एक पिस्तूल विकून खोलीभर फेदरवेट घेता येतील.

शिवणाऱ्याला ओरखडे चालतात. किंबहुना ओरखडे असलेलं स्वस्त मिळतं म्हणून तो ते शोधतो. फेदरवेटच्या सुईपासून खांबापर्यंतची जागा जेमतेम पाच इंच. डबल बेडची क्विल्ट गुंडाळून त्यातून सरकवणं म्हणजे कसरतच. म्हणून तुकडे फेदरवेटवर जोडायचे आणि क्विल्टिंगला मोठं मशीन घ्यायचं, अशी वाटणी बहुतेक जण करतात. १९५२ चं ३०१ हे मॉडेल थोडं मोठं. सुई तिरकी, सांगाडा ॲल्युमिनियमचाच. दणकट कामासाठी पट्ट्याऐवजी दातेरी चक्रांवर चालणारं २०१. आणि सगळ्यात कामसू, सिंगर १५. याचे कापड सरकवणारे दाते खाली करता येतात. मग कापड पुढे ढकलायचं काम शिवणाऱ्याच्या दोन्ही हातांकडे येतं आणि कापडावर वेली, पिसं, लाटा हव्या तशा काढता येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी याच १५ ची नक्कल करून पिस्ता, आकाशी, गुलाबी रंगांची मशिनं शेकडो वेगवेगळ्या नावांनी अमेरिकेत पाठवली. नावाला प्रतिष्ठा नाही, म्हणून आजही स्वस्त. चालायला मूळ सिंगरइतकीच गुणी.

दुकानं सजवायला जुनी मशिनं घेणारा एक तिसरा पंथही आहे. ऑल सेंट्स या ब्रिटिश कपड्यांच्या कंपनीने आपल्या दुकानांच्या काचांमागे शेकड्यांनी जुनी मशिनं रचली. सुया थांबलेल्या, चाकं थांबलेली. लंडनमध्ये, बालममधल्या शिवणयंत्र संग्रहालयात मशिनं पुसून, तेल घालून मांडलेली आहेत आणि ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’सारख्या ब्रिटिश संस्था जुनी मशिनं दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवतात. काचेमागची आणि आफ्रिकेत टीप मारत असलेली, दोन्ही मशिनं बहुधा एकाच कारखान्यातून निघालेली असतात.

तो कारखाना स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा. १८८० च्या दशकात उभा राहिला. भागाचं नाव किलबोवी. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इथून वर्षाला दहा लाखांहून अधिक मशिनं बाहेर पडत. घड्याळाच्या मनोऱ्याला चार तबकड्या, प्रत्येकी २६ फूट रुंद, म्हणजे लंडनच्या बिग बेनपेक्षाही मोठ्या. १९११ मध्ये इथल्या सुमारे अकरा हजार कामगारांनी संप केला. मार्च १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात लाकडाचं कोठार जळालं. मनोरा १९६३ मध्ये पाडला, कारखाना १९८० मध्ये बंद पडला. रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून ‘सिंगर’च आहे. तिथल्या फेदरवेटचा नंबर २२१के. शेवटचं ‘के’ म्हणजे किलबोवी.

मुंबईच्या बंदरात

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या सिंगर मशिनचं माहेर म्हणजे क्लाइडबँकचा हाच कारखाना. १८७० च्या दशकात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत सिंगरची एजन्सी घेतली आणि पुढे कित्येक वर्षं या देशातला कारभार सांभाळला. हप्त्याने मशीन द्यायचं, हा सिंगरचा मंत्र इथेही चालला. शिंप्यांनी घेतली, मग मध्यमवर्गीय घरांनी. विधवा किंवा परित्यक्ता बाईला पोटापाण्याचं साधन म्हणून मशीन देणं इतकं रुळलं, की आजही सरकारी योजनांत आणि नेत्यांच्या वाढदिवसांत शिलाई मशीन हटकून असतं.

यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी एका यंत्राला माफी दिली होती, ते हेच. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे शिवणकामातले कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असा त्यांचा समज होता. आयझॅक सिंगर मुळात नाटकात कामं करणारा गृहस्थ. बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचं नादुरुस्त शिवणयंत्र बघून त्याने त्यात सुधारणा केल्या आणि १२ ऑगस्ट १८५१ ला पेटंट घेतलं. वेगवेगळ्या बायकांपासून झालेली त्याची वीसहून अधिक मुलं बघता, त्याच्या प्रेमाचा विस्तार गांधीजींनी कल्पिला होता त्यापेक्षा बराच मोठा होता. टोकाला नेढं असलेल्या सुईचं पेटंटही त्याच्या आधी, १८४६ मध्ये, एलियस हाउने घेतलेलं होतं. कोर्टकचेऱ्यांनंतर सिंगरला हाउला पैसे मोजावे लागले.

१९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ आणली. पुढे लुधियान्यात शिवणयंत्रांचे कारखाने दाट उभे राहिले. आपल्याकडची काळी, सोनेरी छापाची, हाताने किंवा पायाने चालणारी मशिनं दिसायला आणि चालायला जुन्या सिंगरचीच भावंडं. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनं मशीन पारखायला कुणी बसलं, तर वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू पडतं. सिंगर असेल तर मशिनच्या बैठकीवरचा नंबर वाचावा. ‘वाय’ अक्षराने सुरू होणारा असेल तर मशीन किलबोवीचं, १९२१ ते १९३५ च्या दरम्यानचं. दोन अक्षरं असून पहिलं ‘ई’ असेल तर त्यानंतरचं.

क्विल्ट म्हटली की मराठी माणसाला गोधडी आठवणारच. पण गोधडीला पाव इंचाचा हिशेब लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, त्यावर तुकडे ठेवत जायचं आणि धावदोऱ्याने सगळं एकदम शिवायचं. कडेकडून सुरुवात करून आत येत जायचं. जोड आणि क्विल्टिंग ही दोन वेगळी कामं तिथे नाहीतच. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं आहे. ते चाळताना ही हातशिलाईच गोधडीचा जीव आहे, हे पानोपानी दिसतं. सात-आठ लुगड्यांचा थर घरगुती मशिनच्या सुईखाली नीट सरकतही नाही. उगाच हट्ट करून सुया मोडू नयेत.

दुसरं एक नातं मात्र खरं आहे. पूर्वी शिवणक्लासांत मशिनवरचं भरतकाम शिकवत. लाकडी रिंगमध्ये कापड ताणायचं, मशिनचं फूट काढून टाकायचं, पायाने संथ पॅडल मारत रिंग दोन्ही हातांनी फिरवायची आणि गुलाब, मोर, नावाचं आद्याक्षर उमटवायचं. अमेरिकेत ज्या मुक्त क्विल्टिंगचे वर्ग पैसे भरून लावले जातात, त्याची हातोटी नेमकी हीच. सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या आजीला सिंगर १५ समोर बसवलं, तर तिला नवीन शिकण्यासारखं फारसं उरणार नाही. कापसाचा थर मध्ये घालायचा, रिंग सोडून द्यायची, एवढंच.

परदेशातल्या नातेवाइकाकडून फेदरवेट आणायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवावं. अमेरिकेत वापरलेलं मशीन ११० व्होल्टचं असतं. इथल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातलं तर मोटर जळते, त्याला ट्रान्सफॉर्मर हवा. ब्रिटनमधून आणलेलं २२१के इथल्या विजेच्या जवळपासचं असतं. मोटरच्या पाटीवर आकडा लिहिलेला असतो, तो वाचून घ्यावा. सुई लावताना तिची चपटी बाजू डावीकडे ठेवायची आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. उलट लावली तर टाकाच पडत नाही. माळ्यावर हातमशीन सापडलं आणि त्याच्या पोटात गोल बॉबिनऐवजी लांबट शटल निघालं, तरी हरकत नाही. सिंगरच्या २८ सारख्या मॉडेलला आजची नेहमीची घरगुती सुई चालते आणि ती कुठल्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. १८६० च्या दशकातल्या सिंगर १२ ची सुई तेवढी वेगळी. त्या मशिनसोबत जुन्या सुयांची डबी मिळत असेल, तर मशिनपेक्षा आधी ती डबी उचलावी.